रानातली एकटी वाट कुणाची?

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून दहा-पंधरा मिनिटे चालले की पश्चिम द्रुतगती महामार्गापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. लोकलच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसलेल्या या महानगरात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल शिल्लक आहे आणि त्यात मुक्त बिबट्यांचा वावर आहे, या गोष्टीचे मुंबईकरांना आता आश्चर्यही वाटेनासे झाले आहे. मात्र या जंगलात पाठीला पिशवी आणि गळ्यात दुर्बीण अडकवून, कुणाचीही सोबत न घेता दिवसभर चालावे, पाखरे पाहावीत आणि संध्याकाळी परतावे, अशी इच्छा एखाद्याने बोलून दाखवली, तर प्रश्नांची मालिका सुरू होते. परवानगी मिळते का? बिबट्याचे काय? वाट चुकली तर? आणि मुळात एकट्याने जायचेच कशाला?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून नेमकी त्याचीच चर्चा होत नाही. रानात एकट्याने जाण्याची परंपरा मराठी वाचकाला अनोळखी नाही. जून २०२५ मध्ये निधन पावलेल्या मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत उभे आयुष्य रानात काढले आणि तिथले शब्द मराठीत आणले. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलातल्या मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक दिले. दोघांच्या लेखनामागे शांत निरीक्षण आहे. चार माणसांच्या गप्पांत भेकर दिसत नाही आणि शीळकरी कस्तूराची शीळही ऐकू येत नाही, हे रानात गेलेला कोणीही सांगेल. तेव्हा एकटेपणा ही लहर नसून वन्यजीव पाहण्याची ती जवळजवळ पूर्वअट आहे. प्रश्न एवढाच की, शहराच्या पोटातल्या जंगलाला ती परवडते का?

लाव्ह्याच्या भूमीवर

मुंबईच्या उपनगरांखालची भूमी ज्वालामुखीची आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. अंधेरीच्या पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात उभा असलेला गिल्बर्ट हिल हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, खांबांच्या आकारात थिजलेला कातळ आहे. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेणी बौद्ध भिक्खूंनी कोरल्या त्या ज्वालामुखीजन्य खडकातच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तिथे वस्ती राहिली. भिक्खूंनी लेण्यालेण्यांतून पाण्याची टाकी खोदली आणि पन्हाळी काढून पावसाचे पाणी त्यात वळवले. एकांतासाठी जंगलात जाणाऱ्यांची सोय करणारी मुंबई परिसरातली ही पहिली व्यवस्था म्हणायला हरकत नाही.

भूगर्भातली ऊष्मा मात्र उद्यानाच्या हद्दीत कुठे वर येत नाही. ती पाहायची तर वसईची खाडी ओलांडून तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे, भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी जावे लागते. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील उन्हाळी म्हणजे गरम पाण्याची कुंडे पश्चिम किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या उष्ण झऱ्यांच्या पट्ट्यात मोडतात. कोकणातील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर ही याच पट्ट्यातील नावे. इथले पाणी जिवंत ज्वालामुखीमुळे तापत नाही. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वसईचा किल्ला १७३९ मध्ये जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे मंदिर बांधल्याचे सांगितले जाते. आज तिथे भाविकांची गर्दी असते. बोरिवलीचे उद्यान, तुंगारेश्वर अभयारण्य, गरम कुंडे आणि तानसा अभयारण्य ही एका सलग भूप्रदेशाची अंगे आहेत, याची जाणीव मात्र त्या गर्दीत क्वचितच कुणाला असते.

यलोस्टोनचा धडा

जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाणारे अमेरिकेतील यलोस्टोन १८७२ मध्ये स्थापन झाले, ते प्रामुख्याने अशाच पण कितीतरी रौद्र भूगर्भीय चमत्कारांसाठी. उकळती कुंडे, वाफेचे फवारे, अस्वले, लांडगे आणि गवे अशा सुमारे ९ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशात दरवर्षी लाखो पर्यटक येतात. त्यात अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात गेलेले आई-वडीलही असतात.

तिथे एकट्याने चालण्यास बंदी नाही. अस्वलांच्या प्रदेशात तीन किंवा अधिक जणांनी एकत्र चालावे, अस्वलरोधक फवारा जवळ बाळगावा, मोठ्याने बोलत जावे, असा सल्ला प्रशासन देते. अस्वल व लांडग्यांपासून सुमारे ९१ मीटर आणि अन्य प्राण्यांपासून २३ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. आतल्या रानात रात्र काढायची तर परवाना लागतो आणि त्यात कोणत्या रात्री कोणत्या तळावर मुक्काम असेल हे नमूद करावे लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये, फवारा न घेता एकटाच फिरणारा एक अनुभवी माणूस अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. त्यानंतरही पायवाटा कायमच्या बंद झाल्या नाहीत, सूचना अधिक ठळक करण्यात आल्या.

त्याहून बोलका तपशील वेगळाच आहे. यलोस्टोनच्या दीड शतकाच्या इतिहासात अस्वलांनी मारलेल्या माणसांची संख्या दहाच्या आत आहे. उकळत्या पाण्यात भाजून मरण पावलेल्यांची संख्या मात्र २० हून अधिक आहे. माणूस ज्याला घाबरतो ते आणि ज्याने मरतो ते, या दोन गोष्टी अनेकदा वेगळ्या असतात. बोरिवलीच्या जंगलाबाबतही हेच म्हणता येईल. इथे एकट्या वाटसरूला बिबट्यापेक्षा पावसाळ्यात अचानक फुगणारे ओढे, शेवाळलेले कातळ, साप, उष्माघात आणि चुकलेली वाट यांचाच धोका अधिक संभवतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठी परवानगी लागते. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठी ती देता येते. म्हणजे कायद्याने पायी फिरणाऱ्याला दार बंद केलेले नाही, ते उघडण्याचा अधिकार वनखात्याकडे ठेवला आहे. प्रत्यक्षात तिकीट काढून आत गेलेल्या पर्यटकाला मुख्य रस्ता, कान्हेरी आणि ठरावीक भाग मोकळे असतात. शिलोंडासारख्या निसर्गवाटांवर परवानगी घेऊन आणि मार्गदर्शकासह जाणे अपेक्षित असते. सोमवारी उद्यान बंद असते.

नियम कडक आहेत ते पुढच्या दाराशी. मुलुंडच्या टेकड्या, ठाण्याकडील येऊर, गोरेगावची आरे वसाहत, मालाड आणि कांदिवलीच्या वस्त्यांमागील उतार या बाजूंनी जंगलाची हद्द लांबलचक आहे आणि ती सर्वत्र राखणे कोणत्याही यंत्रणेला अवघड आहे. परिणामी, रीतसर अर्ज करणाऱ्या पक्षिनिरीक्षकाला कागदपत्रांच्या फेऱ्या घालाव्या लागतात, तर बाटल्या घेऊन धबधब्यावर जाणारी टोळकी मागच्या वाटेने आत शिरतात. जो सांगून जातो त्याची अडवणूक आणि जो न सांगता जातो त्याला मोकळीक, अशी ही उफराटी स्थिती आहे. तिचा तोटा जंगलालाही आहे. पहाटे शांतपणे फिरणारा माणूस हा वनरक्षकाचा बिनपगारी डोळा असतो. फासे, वणव्याची सुरुवात, तोडलेले झाड त्याला आधी दिसते.

बिबट्या आणि भीती

तरीही बिबट्याचा प्रश्न टाळता येत नाही. जून २००४ या एका महिन्यात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत दहा जणांचा बळी गेला आणि मुंबई हादरली. त्या काळात ‘पकडा आणि दूर सोडा’ हे धोरण सर्रास राबवले जात होते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून या धोरणाची दुसरी बाजू पुढे आली. पकडून अनोळखी प्रदेशात सोडलेला बिबट्या तिथे शांत बसत नाही आणि अशा स्थलांतरानंतर संघर्ष वाढू शकतो. त्यानंतर धोरणाची दिशा बदलत गेली. वनखाते, संशोधक आणि नागरिक यांनी २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पिंजऱ्याऐवजी प्रबोधन, तत्पर बचाव पथक आणि कचरा व्यवस्थापन यांवर भर देण्यात आला. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतल्या बालवाडीत बिबट्या शिरला, जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नाणेपाड्यात शिरून त्याने काही जणांना जखमी केले. दोन्ही वेळा त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले.

संख्येचे चित्र काय आहे? २०१५ मध्ये कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे आढळले, २०१८ च्या मोजणीत ४७. इतक्या छोट्या क्षेत्रात एवढी दाटी होण्यामागे चितळ-सांबरांबरोबरच जंगलाच्या काठावरील कचरा आणि त्यावर वाढलेली भटकी कुत्री हे कारण आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने तर मुंबईचे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे श्वानदंशाचे सुमारे एक हजार प्रसंग टळतात, असा अंदाज मांडला. बिबट्याला शहराचा शत्रू ठरवताना हा हिशेबही ध्यानात ठेवायला हवा.

जाणकार वाटसरूला देतात तो सल्ला साधा आहे. सूर्यास्तानंतर रानात थांबू नये, ओणवे होऊन किंवा खाली बसून राहू नये, लहान मुलांना मोकळे सोडू नये. बिबट्या दिसलाच तर पळू नये, त्याची वाट अडवू नये, अंग ताठ ठेवून हळूहळू मागे सरावे. उभ्या, प्रौढ माणसाला बिबट्या सहसा टाळतो.

ज्यांना एकट्याने चालावेच लागते

इथे या विषयाची खरी गाठ आहे. हौसेने रानात एकटे जाऊ पाहणाऱ्या शहरी माणसाच्या सुरक्षेची चर्चा होते. पण उद्यानातल्या आणि आरेतल्या आदिवासी पाड्यांवर राहणाऱ्या वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबांतील माणसे रोजच एकट्याने चालतात. त्यांना ना परवाना लागतो ना दुर्बीण. पहाटे कामावर निघालेली बाई, शाळेतून परतणारा मुलगा, घरात शौचालय नसल्याने अंधारात बाहेर पडणारी म्हातारी हे या जंगलाचे खरे एकटे वाटसरू आहेत. हल्ल्यांची किंमतही बहुतांशी त्यांनीच मोजली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेत एका वृद्धेने हातातल्या काठीने बिबट्याला पिटाळले. ते दृश्य कॅमेऱ्यात टिपले गेले आणि देशभर पाहिले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीच्या पहाटे आरेतच सोळा महिन्यांच्या बालिकेचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पहिल्या घटनेचे कौतुक झाले, दुसरीची हळहळ झाली. दिवाबत्ती, शौचालये, कचरा उचलणे या मागण्या मात्र दोन्ही वेळा त्याच होत्या.

याच समाजाने वाघोबाला देव मानले आहे. पाड्यांजवळ वाघोबाची ठाणी आजही पुजली जातात. ही श्रद्धा बिबट्याचे भय नाकारत नाही, त्या भयाला जागा देऊन शेजार निभावते. सहजीवन हा शब्द अहवालांत येण्याआधीपासून तो व्यवहार इथे चालू आहे. निसर्गवाटांवर मार्गदर्शक नेमताना या माणसांना पहिला मान असायला हवा. त्यातून रोजगारही मिळेल आणि पावलांचे ठसे वाचण्याची पिढीजात विद्याही टिकेल.

वाट बिबट्याचीही

एकट्याने चालण्याचा हक्क माणसापुरता मर्यादित नाही. २००९ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ हे त्याचे नाव. हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, खाडी पोहून संजय गांधी उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. पण आजोबाचा शेवट डिसेंबर २०११ मध्येच वसईजवळ, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने झाला होता. एकट्या वाटसरूला बिबट्याने मारावे ही मुंबईकरांची भीती, एकट्या बिबट्याला मुंबईच्या वाहनाने मारले हे वास्तव.

उद्यान ते तुंगारेश्वर ते तानसा ही साखळी टिकली नाही, तर बोरिवलीचे जंगल म्हणजे सिमेंटच्या समुद्रातले बेट ठरेल आणि बेटावरची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच संकर करत दुबळी होतात. घोडबंदर मार्ग आणि अहमदाबाद महामार्ग यांनी ही साखळी आधीच तोडत आणली आहे. आता उद्यानाच्या पोटाखालून दोन मोठे रस्ते जाणार आहेत. सुमारे १२ किलोमीटरच्या ठाणे-बोरिवली मार्गातला दहा किलोमीटरहून अधिक भाग जुळ्या बोगद्यांचा आहे, तर गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यात चित्रनगरी ते खिंडीपाडा हा सुमारे ४.७ किलोमीटरचा बोगदा आहे. दोन्ही बोगद्यांच्या कामांचा शुभारंभ १३ जुलै २०२४ रोजी झाला. मुलुंडकर आणि बोरिवलीकरांचा प्रवासाचा वेळ यामुळे वाचेल यात शंका नाही आणि जंगल कापण्यापेक्षा बोगदा बरा हेही खरे. पण बोगद्याच्या तोंडाशी होणारी कामे, मातीची वाहतूक, भूजलाचे प्रवाह यांवर देखरेख कोण ठेवणार? तुळशी आणि विहार हे तलाव याच डोंगरांच्या पाण्यावर भरतात आणि १८६० साली बांधून झालेल्या विहारने मुंबईला पहिले नळाचे पाणी दिले, हे विसरून चालणार नाही. उद्यानाभोवती डिसेंबर २०१६ मध्ये संवेदनशील क्षेत्र घोषित झाले, आरेतील ८१२ एकर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झाले. या घोषणांची कसोटी नकाशावर नव्हे, काठावर लागते.

मोजकी माणसे, नोंदलेली वाट

या पार्श्वभूमीवर एकट्या वाटसरूसाठी काय करता येईल? आतल्या गाभ्याच्या जंगलात माणसाने शिरूच नये, याबाबत दुमत नाही. वाघाटी आणि पिसोरीसारख्या लाजऱ्या प्राण्यांनाही कुठेतरी माणसाविना जगता आले पाहिजे. मात्र मोजक्या ठरावीक पायवाटा, त्यांवर दिवसाला मर्यादित माणसे, जाताना नाव-वेळ-मार्ग यांची नोंद, परतल्यावर सही, ठरल्या वेळी न परतल्यास शोधपथक आणि पावसाळ्यात ओढ्यांच्या वाटा बंद, एवढी व्यवस्था अशक्य कोटीतली नाही. राज्यातील गड-किल्ल्यांच्या वाटांवरही हीच शिस्त हवी आहे. एकट्या स्त्रीला अशा वाटेवर बिबट्यापेक्षा माणसाचे भय अधिक वाटते. नोंदणी आणि गस्त यांमुळे तेही कमी होईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. वाट उघडली की गर्दी येते आणि गर्दी आली की कचरा येतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये आठ वर्षांनी कारवी फुलली तेव्हा जांभळे उतार पाहण्यासाठी मुंबईकरांनी धाव घेतली. पुढचा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. तोपर्यंत संख्येची शिस्त बसली नाही, तर फुलांपेक्षा पायांचेच ठसे अधिक दिसतील. म्हणूनच वाट उघडणे आणि वाट मोजणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत. पुढच्या दारावर कुलूप आणि मागच्या कुंपणाला खिंडार, ही आजची स्थिती मात्र जंगलालाही मारक आहे आणि माणसालाही.

जंगल वाचते ते त्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आग्रहामुळे, आणि ज्याने कधी त्यात शांतपणे पाऊल टाकलेच नाही त्याच्याकडून तो आग्रह कसा येणार? शिलोंड्याच्या ओढ्याकाठी अर्धा तास निमूट बसलेला एक मुंबईकर तुळशीच्या पाण्यासाठी आणि वाघोबाच्या ठाण्यासाठी उद्या उभा राहण्याची शक्यता अधिक आहे. त्याला आत घेताना पाड्यावरच्या बाईच्या वाटेवर दिवा लागला आणि आजोबाच्या वंशजांना महामार्गाखालून एक सुरक्षित मार्ग मिळाला, तरच ही वाट सगळ्यांची म्हणता येईल.